बाबांचा फोन काढून घेऊ नका, आधी पैसे वेगळे करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, आई-बाबा दारव्हा तालुक्यातल्या गावात. बाबांचं वय 74, चार एकर अजून स्वतः वाहतात. रेल्वेमार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला आणि साठलेले कापसाचे चुकारे मिळून 14 लाखांच्या आसपास रक्कम सरकारी बँकेच्या एकाच बचत खात्यात पडून आहे. मागच्या महिन्यात ‘तुमची केवायसी संपली, आज संध्याकाळी खातं बंद होणार’ असा फोन आला. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर बँकेचं चिन्ह असलेली एक फाइल आली. बाबा ती उघडणार, तेवढ्यात शेजारच्या पोराने हात धरला म्हणून निभावलं. आता मुलगा विचारतोय: बाबांचा स्मार्टफोन काढून घेऊ का, खात्याला माझा नंबर लावू का, की सगळे पैसे माझ्याच खात्यात वळते करू?

मी ग्रामीण शाखांमध्ये काउंटरपासून शाखाधिकारीपदापर्यंत काम केलं. आता तालुक्याच्या वित्तीय साक्षरता केंद्रात बसते. हे तिन्ही उपाय पोरं दर हंगामात विचारतात, आणि तिन्ही उपाय बाबांना बांधून ठेवणारे आहेत. पैसे मात्र जिथे होते तिथेच राहतात, किंवा एका उघड्या जागेवरून दुसऱ्या उघड्या जागी जातात.

खरा प्रश्न वेगळा आहे. बाबा कधीच फसणार नाहीत अशी व्यवस्था कोणालाच करता येत नाही. शिकलेसवरलेले लोक, निवृत्त अधिकारी, डॉक्टर फसतात. उद्या दुपारी झोपेतून उठल्या उठल्या फोन आला आणि बाबा पाच मिनिटं भांबावले, तर त्या पाच मिनिटांत किती रक्कम जाऊ शकते? आज त्याचं उत्तर ‘जवळजवळ सगळी’ असं आहे. ते 20-30 हजारांवर आणणं तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी बाबांना हुशार करण्याचीही गरज नाही.

पैसे तुमच्या खात्यात घेण्याचा विचार आधी सोडा. तुमच्या फोनमध्ये यूपीआयची दोन-तीन ॲप, बँकेचं ॲप, खरेदीच्या साइटवर साठवलेलं कार्ड असणार. म्हणजे चोराच्या दृष्टीने तुमचं खातं बाबांच्या खात्यापेक्षा जास्त उघडं आहे. शिवाय ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर मिळणारा जादा व्याजदर जातो, आणि व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. बहीण असेल तर तिच्या मनात शंका येते, ती आज बोलून दाखवणार नाही एवढंच. आणि देव न करो, तुम्हालाच काही झालं तर ती रक्कम तुमच्या वारसांची होते. आई-बाबांना स्वतःच्याच पैशासाठी सुनेकडे आणि कोर्टाकडे बघावं लागतं. हे मी शाखेत घडताना बघितलंय.

आता आपल्याकडे पैसे जातात कुठून, ते बघू. वाटा साधारण चार.

पहिली फोनची. केवायसी, वीजबिल, पीएम-किसानचा अडकलेला हप्ता, पीकविमा, निराधारचं अनुदान, पेन्शनचा दाखला. विषय हंगामाप्रमाणे बदलतो. केवायसी खरोखरच अधूनमधून नव्याने करावी लागते, म्हणून तर ही थाप पचते. फरक इतकाच, की ती शाखेत फुकट होते आणि त्यासाठी कोणी संध्याकाळची मुदत देत नाही. व्हॉट्सॲपवर येणारी फाइल ही बहुतेकदा एपीके असते, म्हणजे फोनमध्ये शिरणारं ॲप. ते एकदा आत गेलं की फोनवर येणारे मेसेज परस्पर वाचतं. मग ओटीपी कोणी तोंडाने विचारायचीही गरज राहत नाही. त्याचाच शहरी भाऊ म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’: व्हिडिओ कॉलवर खाकी कपडे घातलेला माणूस अटकेची धमकी देतो. असा अटकेचा प्रकार आपल्या कायद्यात नाही, पण खाकी बघितली की आपला म्हातारा माणूस उभा राहून बोलतो.

दुसरी वाट अंगठ्याची, आणि गावात ही मला फोनपेक्षा जास्त काळजीची वाटते. आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात. एका वेळी साधारण 10,000 पर्यंत. ना कार्ड, ना पिन, ना ओटीपी. खरेदीखतासारख्या कागदांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलून रबरी नकली अंगठे केल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. पण त्याहून साधा प्रकार आपल्या ग्राहक सेवा केंद्रावर, म्हणजे बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या गावातल्या दुकानावर, होतो. दुकानात गर्दी. म्हातारीचा अंगठा घासून घासून गुळगुळीत झालेला, कापूस वेचून बोटांना चिरा पडलेल्या. मशीन अनेकदा पहिल्यांदा खरोखरच घेत नाही. मग केंद्रवाला म्हणतो, “आजी, पुसून लावा पाहू एकदा.” दुसऱ्यांदा लागतो. हातात दोन हजार येतात, पावती निघत नाही, कारण कागदाचा रोल संपलेला असतो. त्या दोन अंगठ्यांपैकी पहिला खरंच नापास झाला होता की नाही, हे पुढच्या महिन्यात पासबुकवर एन्ट्री मारली तरच कळतं. सगळे केंद्रवाले असे नाहीत, बरेच जण उन्हातान्हात घरपोच सेवा देतात. पण पावती न देणाऱ्याकडे अंगठा लावायचा नाही, एवढा नियम बाबा-आई दोघांनाही सांगा. “रोल संपला” म्हणाला तर “मग उद्या येतो” म्हणायचं.

तिसरी वाट एटीएमची. तालुक्याला बाजाराच्या दिवशी एटीएमसमोर रांग असते, आणि मागचा गडी म्हणतो, “काका, सरकवू का?” कार्ड हातात परत येतं ते दुसऱ्याच कोणाचं असतं, आणि पिन त्याने शेजारून बघितलेला असतो. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून ठेवण्याची सवय तर घरोघरी आहे. तुमच्या घरी गेल्यावर आधी ते पाकीट बघा.

चौथी वाट म्हणजे ओळखीचा माणूस. महिन्याला भरमसाट टक्के देणारी स्कीम, किंवा ‘ताबडतोब दीडपट’ सांगणारी संस्था. इथे पैसे चोरीला जात नाहीत, बाबा स्वतः पासबुक घेऊन जाऊन काढून देतात. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं 5 लाखांपर्यंतचं संरक्षण असतं, व्याज धरून, एका बँकेत एका ठेवीदारामागे. ते 2020 पासून आहे आणि सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेला नाही, गावच्या सोसायटीलाही नाही. फलकावर ‘मल्टिस्टेट’ लिहिलं म्हणून ती बँक होत नाही. मोबदल्याची रक्कम कोणाला किती मिळाली हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक असतं, त्यामुळे तुमच्या बाबांकडे अशी माणसं आली नसतील तर येतील.

आता उपाय. माझ्या मते यातला एकच उपाय मोठा आहे, बाकीचे त्याच्या आधाराने उभे राहतात.

ज्या खात्यात पीएम-किसान, नमो शेतकरी, सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) विकलेल्या कापसाचे पैसे येतात, ते खातं आधारशी जोडलेलं असावंच लागतं. म्हणजे अंगठ्याने उघडणारं खातं तेच. ते तसंच ठेवा, पण त्यात घरखर्चापुरतेच पैसे राहू द्या. तुमच्या घरासाठी 25-30 हजार पुरावेत. पेरणीच्या तोंडावर थोडे जास्त लागतील. एटीएम कार्ड ठेवायचं तर याच खात्याचं, आणि शाखेत सांगून रोजची मर्यादा कमी करून घ्या. कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशातला वापर बंद आहे ना, हेही विचारा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमाप्रमाणे नवीन कार्डावर हे आधीपासूनच बंद असायला हवं, पण जुन्या कार्डांचा भरवसा नाही.

बाकी सगळी रक्कम दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात हलवा. हे दुसरं खातं मुद्दाम गैरसोयीचं असू द्या: एटीएम कार्ड नको, मोबाइल बँकिंग नको, नेट बँकिंग नको. आधारही जोडायचं नाही. सरकारी अनुदान येत नसेल त्या खात्याला आधार जोडणं सक्तीचं नाही. पॅन आणि मतदार ओळखपत्रावर खातं उघडता येतं. काउंटरवरची मुलं सवयीने आधार मागतील, कारण त्यांना ते सोपं जातं. नम्रपणे पण ठाम राहा. आधार लागलंच असेल तर अंगठ्याचे व्यवहार बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. बऱ्याच बँका तो घेतात, पोच घ्यायला विसरू नका.

यामागचं कारण तांत्रिक आहे, पण समजून घेण्यासारखं आहे. यूपीआय ॲप मोबाइल नंबरवरून खातं शोधतं, आणि पहिल्यांदा पिन तयार करायला एटीएम कार्डाचा तपशील किंवा आधारचा ओटीपी मागतं. खात्याला कार्डही नाही आणि आधारही नाही, तर बाबांचा फोन उद्या चोराच्या ताब्यात गेला तरी त्या खात्यावर यूपीआय सुरू होत नाही. पैसे काढायचे तर पासबुक आणि विड्रॉल स्लिप घेऊन काउंटरवर जावं लागतं, जिथे निदान एक माणूस विचारतो, “काका, एवढे कायले काढून राहिले?” हे खातं जितकं अडाणी ठेवाल तितकं चांगलं.

याच खात्यातही पैसे नुसते पडून ठेवू नका, मुदत ठेवी करा. पण इथे एक फट आहे, जी मला लोकांना नेहमी दाखवावी लागते. ठेव केली म्हणजे पैसे कुलुपात गेले असं आपण समजतो. मोबाइल बँकिंग सुरू असेल तर ठेव फोनवरूनच मोडता येते, किंवा ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून उचल, काढता येतो, आणि चोरांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दुसरं म्हणजे ऑटो स्वीप. बचत खात्याला चिकटलेली ही ठेव खात्यात पैसे कमी पडले की आपोआप मोडते. व्याज बरं मिळतं म्हणून शाखा ती आग्रहाने लावतात. तुमच्या बाबांच्या आजच्या खात्याला ती लागलेली असेल तर काढून टाका. कागदी पावतीची, साधी, शाखेत जाऊन मोडावी लागणारी ठेव करा. आणि एकच मोठी नको, दोन-दोन, तीन-तीन लाखांच्या वेगवेगळ्या मुदतींच्या करा. गरज पडली तर एकच मोडेल.

पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही बघा. वय 60 च्या वर, मर्यादा 30 लाख, मुदत पाच वर्षं, दर तिमाहीला व्याज. ते व्याज घरखर्चाच्या खात्याकडे वळवलं की बाबांना मुद्दलाला हात लावायचं कारणच उरत नाही. यात संयुक्त नाव फक्त पती-पत्नीचं लागतं, मुलाचं नाही. मला ते उलट सोयीचं वाटतं.

तुमचं नाव कुठे आणि कसं लावायचं, हे मात्र घरावर अवलंबून आहे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कोणीही एकटा खातं चालवू शकतो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर बाबा हयात असेपर्यंत फक्त बाबा, त्यांच्यानंतर तुम्ही. बाबा खमके असतील, स्वतः बँकेत जात असतील, तर दुसरा पर्याय घ्या. त्यांचा मान राहतो. ठेवींसाठी तिसरीही पद्धत आहे: दोघांच्या सह्या असल्याशिवाय मुदतीआधी ठेव मोडायची नाही. ‘दीडपट’वाल्यांपासून ही पद्धत चांगली वाचवते, कारण बाबांना तुम्हाला फोन करावाच लागतो. पण तुम्ही पुण्यात, आणि यवतमाळच्या दवाखान्यात रात्री पैसे भरायचे असले तर हीच पद्धत अडकवते. म्हणून सरसकट सगळ्या ठेवींना ती लावू नका. आणि अशा वेळी पैसे आधी तुम्ही भरा, हिशोब मागाहून करा.

नॉमिनीची नोंद प्रत्येक खात्याला आणि प्रत्येक ठेवीला आहे का, ते तपासा. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. बहिणीचंही द्या. नॉमिनी हा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने पैसे घेणारा असतो. तरी फॉर्मवर आपलं नाव दिसलं की पुढची बरीच कटुता टळते.

एक गोष्ट मात्र वेळेवर करण्याची आहे. बाबा आज विसरभोळे नसतील तर हे सगळं आजच करा. माणसाची समज गेल्यावर त्याने दिलेलं मुखत्यारपत्र कायद्याने चालत नाही, आणि बँकेलाही मग हात आखडता घ्यावा लागतो. एकच गोष्ट दिवसात चारदा विचारत असतील, पासबुक कुठे ठेवलं ते आठवत नसेल, तर माझं वरचं बरंचसं उत्तर बदलतं. मग दोघांच्या सह्यांची पद्धत आणि रोजच्या खात्यात आणखी कमी रक्कम, एवढंच चालेल.

आता अंगठ्याचं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. लॉक असताना कोणाचाही, नकली किंवा खरा, अंगठा चालत नाही. शहरातल्या लोकांना मी डोळे मिटून हे सांगते. गावात जरा थांबते. कारण मग कंट्रोलच्या दुकानात राशन घेताना अंगठा लागत नाही, केंद्रावर पैसे निघत नाहीत, ई-केवायसी अडकते. थोड्या वेळापुरतं उघडता येतं, पण म्हातारा माणूस राशनच्या रांगेत उभं राहून ॲप कुठे चालवणार? तुमच्या घरात जमेल असा मार्ग हा: लॉकचं काम तुम्ही पुण्यातून संकेतस्थळावर सांभाळा, राशनच्या दिवशी बाबांनी फोन करायचा, तुम्ही उघडून द्यायचं, तेवढ्या वेळात काम उरकायचं. ओटीपी बाबांच्या नंबरवर येणार असेल तर तो तुम्हाला सांगावा लागेल, म्हणजे ‘ओटीपी कोणालाच सांगायचा नाही’ हा नियम आपणच मोडतो. म्हणून हे जमत नसेल तर लॉकचा हट्ट धरू नका. अंगठ्याच्या खात्यात 25 हजारच असतील, तर लॉकवाचूनही चालतं. आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची मागच्या सहा महिन्यांची यादी संकेतस्थळावर दिसते. गावी गेलात की ती एकदा नजरेखालून घाला.

फोनबद्दल. काढून घेऊ नका. नातवाचा चेहरा, मंडीचा भाव, हवामान, भजन, सगळं त्यात आहे, आणि काढून घेतला तर ते शेजाऱ्याच्या फोनवरून तेच सगळं करतील. त्याऐवजी बँकेच्या नंबरचं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका. व्हॉट्सॲप, यूट्यूब जे काय आहे ते दुसऱ्या नंबरवर, स्मार्टफोनमध्ये. स्मार्टफोनमध्ये कितीही वाईट फाइल शिरली तरी बँकेचा ओटीपी तिथे येतच नाही. हजार-दीड हजाराच्या फोनने होणारा हा बंदोबस्त मला सगळ्यात आवडतो, आणि म्हातारी माणसंही तो पटकन स्वीकारतात, कारण बटणाचा फोन त्यांच्या हाताला सवयीचा असतो. फक्त त्या सिमचं रिचार्ज तुम्ही पुण्यातून न चुकता करा. बरेच महिने बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि मग बँकेचे मेसेज भलत्याच माणसाकडे जातात. असं झालं की ते दुरुस्त करायला शाखेत खेटे घालावे लागतात.

खात्याला तुमचा नंबर लावण्याबद्दल याच कारणाने मी नाही म्हणते. पैसे निघाल्याचा मेसेज पुण्यात वाजतो, गावात नाही. केंद्रावर बाबांनी काढले की दुसऱ्याने, हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो, आणि बाबांना तर काहीच कळत नाही.

स्मार्टफोनमध्ये ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकण्याची परवानगी’ बंद करा. स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी एनीडेस्कसारखी ॲप असतील तर काढा. कॉल दुसरीकडे वळवलेले असल्याची शंका असेल तर ##002# डायल केलं की वळवलेले सगळे कॉल रद्द होतात. रिझर्व्ह बँकेने बँकांना सेवेचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करायला सांगितलंय, तेही सांगून बघा. पण खरं सांगते, आकडे 74 व्या वर्षी लक्षात राहत नाहीत, एक वाक्य लक्षात राहतं.

ते वाक्य निवडताना बाबांचा स्वभाव बघा. ‘मुलाला विचारून सांगतो’ असं त्यांना शिकवलंत तर ते कधीच म्हणणार नाहीत. ज्याने आयुष्यभर घर चालवलं तो अनोळखी माणसापुढे स्वतःला पोराच्या हाताखालचा का दाखवेल? मी केंद्रात येणाऱ्यांना हे शिकवते: “तुमचं नाव सांगा, मी उद्या शाखेत येऊन भेटतो.” आणि फोन ठेवायचा. यात बाबा मालकच राहतात. समोरचा खरा बँकेचा असेल तर तो “या” म्हणेल. दुसरा असेल तर चिडेल, घाई करेल, धमकी देईल. घाई दिसली की फोन ठेवायचा, एवढं त्यांना पुरतं.

बोलणं कसं काढायचं, हाही प्रश्नाचाच भाग आहे, जरी विचारलेला नसला तरी. ‘बाबा, तुम्ही फसणार होता’ इथून सुरुवात केली की उत्तर ठरलेलं: “माह्या पैशाचा हिशोब तू कायले मांगतं बे?” त्यापेक्षा त्यांच्याच भाषेत या. पेरायचं बियाणं आणि खायचं धान्य आपण एका कोठीत ठेवत नाही, हे त्यांना सांगायची गरज नाही, विचारायची आहे. “बाबा, 14 लाखांतलं बियाणं किती आणि खायचं किती?” आकडा त्यांना ठरवू द्या. तुम्ही फक्त कागद भरा. आणि पहिल्या भेटीत शाखाधिकाऱ्याशी त्यांची ओळख करून द्या, समोरासमोर, नावानिशी. म्हातारा माणूस ओळखीचा झाला की तो अचानक सगळे पैसे काढायला आला तर काउंटरवरचा माणूस दोन प्रश्न जास्त विचारतो. ही खबरदारी कुठल्या परिपत्रकात नाही, पण तिने बरीच घरं वाचली आहेत.

एवढं करूनही पैसे गेलेच तर. आधी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन, तोही त्याच क्षणी, कोणाशी सल्लामसलत न करता. पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते. त्याच वेळी दुसऱ्याने बँकेच्या हेल्पलाइनला लावायचं, खातं बंद करायला. फाइल उघडली असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करा, पण मेसेज आणि कॉल पुसू नका. मग शाखेत लेखी तक्रार, तारीख-वेळेसह पोच घेऊन.

पोचेचं महत्त्व यात आहे: रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे बाबांची किंवा बँकेची चूक नसताना, तिसऱ्याच्या लबाडीने पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्यासाठी जास्तीत जास्त 10,000, साध्या मूलभूत खात्यासाठी 5,000 इतकीच झळ. त्यानंतर मात्र बँकेच्या धोरणावर. रकमेची तात्पुरती नोंद खात्यात 10 कामकाजी दिवसांत आणि निकाल 90 दिवसांत द्यायचा असतो. नकली अंगठ्याच्या प्रकरणात हा नियम ग्राहकाच्या बाजूने चांगला उभा राहतो, कारण त्यात बाबांनी काही सांगितलेलंच नसतं. ओटीपी बाबांनीच सांगितला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान त्यांचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून पोचेवरची वेळ बघायची. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. त्याची माहिती 14448 वर मिळते.

आणि पैसे गेल्यानंतर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन येतो. तोही चोरच असतो, बहुधा त्याच टोळीतला.

शेवटी, प्रश्नात आईचं नाव एकदाही आलेलं नाही. तिच्या नावावर खातं असणारच. त्याचं पासबुक शोधा, एन्ट्री मारून आणा. मोबदल्याच्या कागदावर तिचं नाव होतं का तेही बघा. घरी बटणाचा फोन बहुतेक वेळा तीच उचलेल, म्हणून ते एक वाक्य आधी तिला शिकवा, आणि बाबा शेतात असताना ‘तुमच्या मालकांचा अपघात झाला, लगेच पैसे पाठवा’ असा फोन आला तर आधी कोणत्या शेजाऱ्याकडे जायचं, हे तिच्याशी बसून ठरवा.